राबात भाजलेले शंख

गेल्या वर्षी जूनच्या एकवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, आमच्या घराच्या पडवीत अठरा हजार रुपये भरपाई ठरली. हजर आम्ही चौघं होतो: मी, माझी बायको, शेजारच्या शेताचे मालक तात्या आणि गावचे पोलीस पाटील. पैसे मी तात्यांना द्यायचे होते. शिवाय बायकोच्या रोपवाटिकेतल्या सगळ्या, म्हणजे नऊशेच्या आसपास पिशव्या खड्ड्यात घालून वर चुना टाकायचा होता. तात्या स्वतः पंधरा हजार म्हणाले होते. विकतचं रोप, ते आणायचा टेंपो आणि वाढीव मजुरी धरून माझा हिशेब अठरा आला, म्हणून अठरा ठरले. बायकोने तेव्हा माझ्याकडे जे पाहिलं ते पोलीस पाटलांनीसुद्धा पाहिलं आणि चहाचा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना डाव्या हाताला, डोंगराच्या पायथ्याशी. मी खोपोलीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि सही करायची, हे माझं काम. बायकोची रोपवाटिका घरामागे. आंबा, कोकम, फणस, शिवाय रिसॉर्टवाल्यांना लागतात ती फुलझाडं. आठ वर्षांपूर्वी तिने ती शंभर पिशव्यांवर सुरू केली. रोपवाटिका आणि तात्यांचं शेत यांच्यामध्ये एक बांध आहे, दुसरं काही नाही.

तात्यांनी माझ्यावर कसलाही आरोप केला नव्हता. ते फक्त सकाळी रुमालात मूठभर पांढरे शंख बांधून घेऊन आले होते.

"बग रं," ते म्हणाले, "ह्ये काय निगतंय राबात. निम्मं रोप बुडातनं कापलंय. ही ती आफ्रिकावाली गोगलगाय तर नाय ना?"

आफ्रिकन गोगलगायीची धास्ती सगळ्यांनीच घेतली होती. खालापूरच्या बाजूला कुठल्याशा बागेत ती निघाली असं जो तो सांगत होता. प्रत्यक्ष पाहिलेला कोणी भेटत नव्हता. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता, त्यात ती कशी ओळखायची ते दाखवलं होतं. शंखाच्या तोंडातून आत पाहिलं की त्याचा मधला खांब दिसतो. बहुतेक गोगलगायींमध्ये हा खांब खाली तोंडाच्या कडेत सरळ मिसळून जातो. आफ्रिकन गोगलगायीत तो मध्येच छाटल्यासारखा संपतो.

मी भिंग काढलं, व्हर्निअर काढला. चौदा शंख होते. सगळ्यांची लांबी घेतली, रुंदी घेतली, तोंडाची उंची घेतली. सगळ्यात मोठा सव्वीस मिलिमीटरच्या थोडा वर. चौदाच्या चौदा शंखांचा खांब छाटलेला. मग मी बांध ओलांडून बायकोच्या पिशव्या तपासल्या. पूर्वेच्या रांगेत साठ पिशव्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांच्या मातीत अगदी तसेच पांढरे शंख निघाले. बाकी रांगांत एकही नाही.

बायकोची मातृझाडं, म्हणजे ज्यांच्या फांद्यांवरून ती कलमं बांधते ती झाडं, बाहेरून येतात, टेंपोने, कुठकुठल्या रोपवाटिकांमधून. तेव्हा मार्ग मला स्पष्टच दिसला: बाहेरून पिशवीत, पिशवीतून बांधावरून तात्यांच्या रोपात. मी तात्यांना सांगितलं, "तीच आहे. पिल्लं आहेत ही. आमच्याकडून आली."

तात्यांनी रिकामा रुमाल झटकून खांद्यावर टाकला. त्यांना एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नसावी.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?" बायको आत गेल्यावर म्हणाली.

"तात्यांनी विचारलं."

"मग मला विचारायचं ना आधी. पिशव्या माझ्या आहेत."

"विचारून शंखाचा खांब बदलणार होता?"

ती झारी घेऊन पिशव्यांकडे गेली. संध्याकाळी पडवीत बोलणी झाली तेव्हा चहा देऊन दाराशी बसली. पाटील उठायला लागले तेव्हा मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "पैसे ह्यांनी कबूल केलेत, ते ह्यांनी द्यावेत. पिशव्यांना हात लावायच्या आधी माझी भाची येऊन बघेल."

"भाची?" पाटील म्हणाले. "ती काय बगणार?"

"गोगलगायींवरच पीएचडी करतेय ती."

ही मुलगी बायकोच्या भावाची. आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते. लग्नकार्यात तिची पीएचडी म्हणजे सगळ्यांच्या थट्टेचा विषय. गोगलगायीवरचा अभ्यास म्हणजे संपायला वेळ लागणारच, असं मीही दोनदा बोललो होतो. पाटलांनी आठ दिवसांची मुदत दिली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या पिशव्यांत शंख निघाले त्या तरी लगेच पुरून टाकाव्यात, नाहीतर गावात बोभाटा होईल. ते मला पटलं. रविवारी सकाळी मी पूर्वेच्या रांगेतल्या साठही पिशव्या, कोकमाच्या आणि सुरंगीच्या, खड्ड्यात घातल्या. सुरंगीची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. बायको खिडकीशी उभी होती, बाहेर आली नाही.

बोभाटा व्हायचा तो झालाच. सोमवारी कळंबच्या एका रिसॉर्टच्या माळ्याचा फोन आला. "वहिनी, रोपांची गाडी एवढ्यात पाठवू नका. सायेब म्हणतात थांबूया." बायकोने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि उरलेल्या पिशव्यांना पाणी घालायला गेली. पाऊस पडत होता. पाण्याची काही गरज नव्हती.

त्या आठवड्यात मी कारखान्यात दोन वेळा तोच तोच लॉट तपासला. अठरा हजारांची मला चिंता नव्हती. ते मी साठवलेले होते. पण आठ वर्षांच्या रोपवाटिकेवर चुना टाकायचा, आणि तो आपल्याच सहीने, हे डोक्यातून जात नव्हतं.

शनिवारी दुपारी भाची आली. पाठीवर सॅक, हातात एक छोटा मायक्रोस्कोप खोक्यात घातलेला. तात्या तिच्या आधीच येऊन बसले होते. ती पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "रंग कोणता होता?"

"पांढरा," मी म्हणालो.

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

मी शंख तिच्यापुढे ठेवले, सोबत मापांचा कागद. तिने कागद नीट वाचला. "मापं छान घेतलीत, मामा. आटे किती?"

आटे मी मोजले नव्हते. कारखान्यात प्रत्येक बोल्टचे इंचाला किती आटे ते मोजल्याशिवाय मी पुढे सोडत नाही, आणि इथे डोळ्यांसमोर गोल गोल फिरत गेलेली वस्तू असताना लांबी, रुंदी, उंची मोजून मोकळा झालो होतो.

ती त्यांना वेढे म्हणत होती, पण माझ्यासाठी तिने आटे हा शब्द घेतला. शंख टोकाकडून बघायचा, टोकाशी पहिला अर्धगोल सुरू होतो तिथे रेघ धरायची आणि तिथून मोजत यायचं. सव्वीस मिलिमीटरच्या शंखाला पावणेआठ आटे निघाले. तिने पुन्हा मोजले, तेवढेच. मग तिने सॅकमधून कापसात ठेवलेली एक डबी काढली. डबीत खऱ्या आफ्रिकन गोगलगायीच्या पिल्लाचा शंख होता, लांबीला जवळपास माझ्या शंखाएवढाच. त्याला आटे होते पाच. अंगाने फुगीर, शेवटचा आटा हा एवढा मोठा. माझा शंख त्याच्याशेजारी सडपातळ, चिंचोळा दिसत होता. खांब दोघांचाही छाटलेला.

"पिल्लू असतं तर एवढ्या लांबीत एवढे आटे झाले नसते," ती म्हणाली. "हे पूर्ण वाढलेलं असावं. छोट्या जातीतलं मोठं माणूस."

"म्हणजे ती नाही?" बायकोने विचारलं.

"आत्या, मी अजून तसं म्हणणार नाही. शंख म्हणजे फक्त घर. एकाच तऱ्हेने जगणाऱ्या, एकमेकींच्या दूरच्या गोगलगायींची घरं सारखी होतात. नुसत्या शंखांवरून नाती लावून माझ्याआधीची पुष्कळ माणसं फसली आहेत. मला जिवंत हवी." ती शंख बोटांत फिरवत होती. बोटांना खडूसारखी पूड लागली. "आणि हे पांढरे का आहेत? हे उन्हाने नाही झालेले. वरची साल पार गेलीय, भेगा पडल्यात. हे भाजलेत."

"राबातले हायत," तात्या म्हणाले. "भाजणारच की. मे महिन्यात राब भाजला नाय का मी."

भाची पुण्यात वाढलेली. तिला राब सांगावा लागला: भाताचं रोप जिथे पेरायचं त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पातेरा पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पावसाआधी ते सगळं भाजून काढायचं. जमीन तापते, तण जळतं, राखेवर रोप जोमाने येतं. आमच्याकडे अजून पुष्कळजण करतात.

"हां," ती म्हणाली. "आणि पिशव्यांतले शंख?"

"तेही असेच," मी म्हणालो. "पांढरे."

तेव्हा बायको म्हणाली, "माझ्या पिशव्या कधी भाजल्या?"

तिने घरामागच्या रांगांकडे हात केला.

"प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. आत कोकम जिवंत आहे. म्हणजे होतं. त्यात शंख भाजला कुठे?" ती माझ्याकडे वळली. "पूर्वेच्या रांगेला मी गेल्या वर्षी तात्यांच्या राबाची माती भरली होती. राखेची माती चांगली म्हणून. सहा पाट्या. तुम्हीच आणून दिल्या होत्या."

मीच आणल्या होत्या, खांद्यावरून, बांध ओलांडून. शंख पिशव्यांतून शेतात गेलेच नव्हते, शेतातून पिशव्यांत आले होते. मी दिशा उलटी लावली होती. त्याच वेळी खड्ड्यातली साठ रोपं आठवली.

"अरं तिच्या," तात्या म्हणाले. "मग माज्या राबात आलं कुठनं?"

"पातेरा कुठला आणता?" भाचीने विचारलं.

तात्यांनी डोंगराकडे हनुवटी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही वर गेलो. तात्यांना गुडघ्याचा त्रास आहे, तरी आले. "माजा पातेरा हाय, मी दाखवतो," म्हणाले. पाऊस थांबून थांबून येत होता. तात्या जिथून पातेरा गोळा करतात तिथे भाचीने आम्हाला हाताने पानांचे थर उलटायला लावले. पहिला थर कोरडा-ओला, दुसरा कुजका, त्याच्याखाली काळी भुसभुशीत माती. मी जे सापडेल ते वर्तमानपत्रावर ठेवत गेलो आणि सवयीप्रमाणे ढीग लावत गेलो: चपटे गोल एकीकडे, उंच टोकदार दुसरीकडे. एक मोठा, बदामी रंगाचा शंख मात्र कुठेच बसेना. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर बाकी सगळ्यांचं तोंड उजवीकडे यायचं, ह्याचं डावीकडे.

"डाव्या आट्याचा आहे," मी म्हणालो. असे बोल्ट आम्ही वेगळ्या डब्यात ठेवतो.

"त्यांच्यात ते घराण्यानेच चालतं," भाची म्हणाली. मग तिने माझा चपट्या गोल शंखांचा ढीग मोडला. त्यातले काही पातळ, काचेसारखे चकचकीत, काही जाड. जाड शंखांच्या तोंडाला आतून गोल झाकण होतं. "ह्यांना एकत्र ठेवलंत तुम्ही. दिसतात सारखे. पण हा झाकणवाला ह्या सगळ्यांपेक्षा तुमच्या भातखाचरातल्या झाकणाच्या गोगलगायीला जवळचा आहे. त्याची श्वास घ्यायची सोय, शरीराची मांडणी, सगळंच वेगळं. नुसतं जमिनीवर राहायला आला म्हणून ह्यांच्यासारखा दिसायला लागला."

"सोयरा नाय, भाडेकरू हाय," तात्या म्हणाले.

"बरोबर."

उंच टोकदार शंख बायकोला सापडले. तपकिरी, पॉलिश केल्यासारखे तकतकीत, आतून एक काळपट जीव हळूच बाहेर येणारा. तिने तळहातावर एक धरला. भाचीने तोंडातून आत बघितलं: खांब छाटलेला. आटे पावणेआठ. भाजण्याआधी आमचे शंख असे दिसत होते.

"ही बया डोंगरात पातेरा खात बसलेली," बायको म्हणाली. "आणि आम्ही तिला आफ्रिकेतून आणली."

घरी आल्यावर भाचीने एका गोगलगायीच्या पायाचा कणभर तुकडा काढून स्पिरिटच्या कुपीत ठेवला. तो जनुकांच्या तपासणीसाठी. भाजलेल्या शंखातून त्या तपासणीला काहीच मिळत नाही, म्हणून जिवंतच लागली होती. दुसऱ्या दोन गोगलगायी तिने रात्रभर काठोकाठ पाणी भरलेल्या बाटलीत झाकण लावून ठेवल्या. बायकोला ते आवडलं नाही. "बुडवून मारतेस?" तिने विचारलं. "हो, आत्या," भाची म्हणाली. "त्यामुळे अंग सैल, लांब राहतं. आखडलं तर आतलं काही दिसत नाही." बायकोने जुनं स्टीलचं ताट दिलं आणि बजावलं की हे ताट पुन्हा मांडणीत ठेवायचं नाही.

सोमवारी मी रजा घेतली. तात्या आठ वाजताच हजर. भाचीने पकडीने शंख थोडा थोडा फोडला, आतलं वेटोळं सोडवलं आणि मायक्रोस्कोपखाली कात्रीने उभं उघडलं. मला वाटलं होतं आत नुसता लगदा असेल. पण आतड्यापासून वेगळी, नीट ओळखता येणारी प्रजननाच्या नळ्यांची एक जुळणी होती. ती एकेक भाग सुईने बाजूला करून सांगत गेली. अंड्याभोवतीचा द्रव तयार करणारी ग्रंथी चांगली फुगलेली होती, पांढरी. पिल्लात हे सगळं धाग्याएवढं असतं, असं ती म्हणाली. म्हणजे ही वयात आलेली होती. सव्वीस मिलिमीटर हीच तिची पूर्ण उंची. आणि नळ्यांची ही जुळणी आफ्रिकन गोगलगायीच्या जुळणीशी मिळत नव्हती. मोबाइलवर तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. हा फरक मलाही दिसला.

तात्यांनी एक डोळा मिटून भिंगातून बघितलं. "म्हंजे लेकरू नाय. बाप्या हाय."

"बाप्या पण आणि बाई पण, आजोबा. एकाच अंगात दोन्ही असतं."

"दोनी?" तात्यांनी डोकं वर केलं. "मग भांडान कोणाशी करतंय?"

बायको हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. मी त्या हसण्याकडे बघत राहिलो आणि भाचीने मला हातातली सुई जरा धरायला सांगितली ते मला दोनदा ऐकू आलं नाही.

मग तात्यांनी जे विचारायचं ते विचारलं. "समदं खरं. पण माजं रोप खाल्लं कोणी?"

"ही खात नाही हिरवं रोप," भाची म्हणाली. "कुजलेलं खाते. आणि गोगलगाय कापत नाही, खरवडते. पानाला भोकं पडतात, चिकट रेघ राहते. बघूया चला."

राबाच्या तुकड्यात ती उकिडवी बसली. कापलेली रोपं बुडातून तिरकी, साफ तुटलेली. चिकट रेघ कुठेच नाही. ती काही बोलायच्या आत तात्या बांधाच्या कडेला वाकले आणि एका बिळात दोन बोटं घातली. बिळातून रोपाच्या काडीचं टोक बाहेर आलेलं होतं. त्यांनी ते ओढलं. आतून कोणीतरी परत ओढलं.

"मुठे," तात्या म्हणाले. मुठे म्हणजे बांधात राहणारे लहान खेकडे. दर पावसात असतात, रोप कापतात, हे तात्यांना काय, मलाही माहीत. बांधभर बिळं होती.

"तात्या," मी म्हणालो, "हे तुम्हाला आधी दिसलं नाही?"

"दिसलं ना. पयला तेच वाटलं मला." ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "पन तू ती तुजी पट्टी लावून, भिंग लावून सांगितलंस, तीच हाय म्हनून. मी म्हनलं, कारखान्यातला मानूस, सही करतो, खोटं कशाला सांगंल. मुठे सोडले आन गोगलगाय धरली."

भाचीने तोंड फिरवलं. ती हसत होती हे पाठीवरून कळत होतं.

लावणी अडली नाही. तात्यांच्या बहिणीकडे, खालापूरच्या पलीकडे, रोप उरलं होतं, ते आलं. मुठ्यांचं पुढे काय करायचं ते तात्यांनी त्यांच्या पद्धतीने केलं, आणि त्यातला एक डबा आमच्याकडे कालवणाला आला. नऊशेतल्या उरलेल्या पिशव्या जागच्या जागी राहिल्या. पोलीस पाटील मात्र म्हणाले की चारचौघांसमोर ठरलेली गोष्ट आहे, जनुकांचा निकाल येईपर्यंत ती उघडीच राहील. त्यात चूक काही नव्हतं. मीही अर्ध्या तपासणीवर माल सोडत नाही.

निकाल गणपतीनंतर आला. भाचीने संध्याकाळी फोन केला तेव्हा तात्या आणि पाटील दोघंही पडवीत होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

तिने सांगितलं ते असं. गोगलगायीच्या पेशींमधल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात. तो आफ्रिकन गोगलगायीच्या त्याच तुकड्याशेजारी मांडून कुठे कुठे फरक पडतो ते बघतात. तिने मला दोन्हींची जुळवणी पाठवली होती. मी पेन्सिल घेऊन पहिल्या दोन ओळींत फरकांवर खुणा करायला लागलो तेव्हा त्या इतक्या झाल्या, की समजलं, ह्या दोघींचा संबंध फार जुना असणार. आमची गोगलगाय ती नव्हतीच, जवळचीही नव्हती. ती ह्याच डोंगररांगांतल्या तिच्या स्वतःच्या फांदीवर होती.

"पण एक सांगते, मामा," ती म्हणाली, "म्हणजे नंतर कोणी विचारलं तर गोंधळ नको. हिचं कूळ कोणतं, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. काहीजण हिला वेगळं कूळ मानतात. काहीजण आफ्रिकनवालीच्या मोठ्या कुळातलीच एक शाखा मानतात. तो छाटलेला खांब उगाच नाही आला. खूप मागे कुठेतरी दोघींचा पूर्वज एक आहे."

मला सही करता येईल असं एक उत्तर हवं होतं.

पाटील सरसावून बसले. "म्हंजे भावकीच की ती! मग दादा, तुमचं ते ठरलेलं..."

"ओ पाटील," तात्या मध्येच म्हणाले. "माज्या भावकीत चाळीस घरं हायत. आडनाव एक, कुळदैवत एक. नेरळला एकानं बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला, हप्ता बुडवला. बँकवाले माज्या दारात आले काय?"

"नाय आले."

"मग ही डोंगरातली पातेरा खानारी. तिच्या चुलत्याच्या चुलत्यानं आफ्रिकेत कुनाची बाग खाल्ली, तर हिनं कशाला भरायचं? आन हिनं नाय, तर ह्या मानसानं कशाला भरायचं?"

फोनमधून भाची म्हणाली, "आजोबा, माझ्या प्रबंधात हे लिहू का?"

"लिव की. माजं नाव नको घालूस."

पाटील हसायला लागले, मग मीही. इतका वेळ ती कोणत्या कुळातली हाच मोठा प्रश्न आहे असं मी धरून चाललो होतो. तात्यांनी तो बाजूला ठेवला आणि खरा प्रश्न पुढे केला: रोप कापणारी ही होती का? नव्हती. कुळाचा वाद अभ्यास करणाऱ्यांनी हवा तितका घालावा. भाची म्हणते अजून बरेच नमुने लागतील, शेजारच्या डोंगरांवरचे, तेव्हा कुठे तिच्यापुरतं ठरेल. या पावसात ती पुन्हा येणार आहे आणि तात्या गुडघ्याला पट्टा बांधून तिला डोंगर दाखवणार आहेत. ते ठरेल तेव्हा ठरेल. मला त्याची आता घाई नाही.

मी आत जाऊन अठरा हजारांचं पाकीट आणलं होतं, ते तात्यांनी उघडलंसुद्धा नाही. "ठेव रं. मुठ्यांचं मी काय तुज्याकडनं घेनार?" पाटील म्हणाले, "मिटलं," आणि निघाले. तात्या बांधावरून घरी गेले. पडवीत आम्ही दोघंच राहिलो. खूप दिवसांनी मला भूक लागली.

"पाकीट आणलंच आहे," बायको म्हणाली, "तर माझे द्या."

"तुझे कसले?"

"साठ पिशव्या. कोकम आणि सुरंगी. बरी रोपं होती ती. तुम्ही पुरलीत."

"घरातल्या घरात?"

"कळंबचा माळी पण घरातलाच आहे का? तो देतो ना पैसे." तो माळी त्याच आठवड्यात पुन्हा फोन करून गाडी मागवून बसला होता, त्यामुळे ती जोरात होती. "पन्नास रुपये नग. गिऱ्हाइकाला लावते तोच भाव. तुम्ही तात्यांना पंधराचे अठरा करता, मला कमी करू नका."

तात्यांना काही दिलं गेलं नाही. साठ पिशव्यांचे, पन्नासप्रमाणे, तीन हजार रुपये मी त्या संध्याकाळी माझ्या बायकोला रोख दिले.